आमचे हे गिटार वाजवतात

आमच्या ह्यांची गिटार ऐकून लोक हल्ली मला विचारतात, "किती वर्षं शिकलेत?" मी सांगते, सव्वीस. मग विचारतात, "कोणाकडे?" तिथे मी जरा अडखळते. खरं सांगायचं तर निम्मं माझ्याकडे, आणि मला गिटारची एक तारही धड छेडता येत नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. हे भूमी अभिलेख कार्यालयात आहेत, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजतात. आम्ही राहतो सावंतवाडीत. ह्यांचं गाव आत, कुडाळच्या बाजूला. तिथे थोडी भातशेती आणि काजूची बाग. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी कोल्हापूरला गेले होते, ते परत आले गिटार घेऊन. तिला खोका नव्हता, पिशवी नव्हती. एका जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर उभी धरून, सगळा घाट उतरून आणलेली.

"ह्या काय?" मी विचारलं.

"गिटार."

"ता दिसता. पण कित्या?"

"शिकतलंय," हे म्हणाले आणि चादरीची घडी घालायला लागले.

मला हसू आलं होतं, हे मी लपवणार नाही. माझे वडील आमच्या गावच्या देवळात पेटी वाजवायचे आणि आठव्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारी बसून गात होते. गाण्याच्या चार परीक्षा दिल्या होत्या. सूर हा आमच्या घरात मिठासारखा होता, कमीजास्त झाला की पहिल्या घासाला कळायचा. आणि गिटारवाला म्हणजे काय, तेही मी पाहिलेलं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या गिटारवाल्याची बोटं इतकी भरभर पळत होती की आम्ही मुली नुसत्या बघत राहिलो होतो. आमच्या ह्यांची बोटं जाडजूड, कोयता आणि मोजणीची साखळी धरणारी. त्यात कानाची तर पंचाईतच. तार उतरली की चढली, तेच ह्यांना कळत नसे. हे मनापासून वाजवायचे आणि स्वयंपाकघरात नारळ खवताना माझे दात आंबायचे.

तेव्हा सावंतवाडीत तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ राहत. तरुणपणी गोव्यात बँडमध्ये वाजवत असत. त्यांच्याकडे हे दर रविवारी दुपारी जायला लागले. तीन महिने झाले तरी घरी येऊन तारा पिळण्यापलीकडे काही वाजवेनात. शेवटी एका रविवारी मीच बरोबर गेले. म्हटलं, बघू तरी काय शिकवतात.

त्या म्हाताऱ्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तू गातंस, खरां काय?"

"गातंय थोडां."

"सा लाव बघूया."

मी सा लावला. त्यांनी ह्यांच्या गिटारची एक तार छेडली आणि ह्यांना विचारलं, "तुझी तार तिच्या वर आसा काय खाली?"

"खाली?" हे म्हणाले.

"वर," मी म्हटलं.

म्हाताऱ्यांनी खुंटी पिळली, पुन्हा विचारलं. असं दहा वेळा झालं. हे सहा वेळा चुकले. मला घाम फुटला, ह्यांना नाही. दर वेळी चूक कळली की हे मान खाली घालून ती तार पुन्हा छेडायचे, माझा सा पुन्हा ऐकायचे आणि "हां" म्हणायचे.

"तुझ्या घोवाचो कान कच्चो आसा," म्हातारे मला म्हणाले. "पण तो चुकलो तरी रागावणा नाय, ता बघलंस? पक्क्या कानाची पोरां माझ्याकडे येतत आणि दोन म्हयन्यांनी जातत. ह्येका तुझो कान उसनो दी. मगे बघूया खंय पोचता तो."

त्या दिवसापासून मी कान द्यायला लागले. फार गोडीगुलाबीनं दिला असं नाही. आमटीला फोडणी देता देता मी ओरडायचे, "दुसरी तार उतरलीहा!" बाहेरून विचारणा यायची, "जाड बाजून काय बारीक?" "बारीक!" मग दोन मिनिटं शांतता, खुंटीची कुरकुर, आणि मग विचारणा, "आता?" सासूबाई असोत, पाहुणे असोत, मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे. एकदा ह्यांच्या साहेबांसमोर मी "काय ता बेसूर!" म्हणाले होते. ते आठवलं की आजही मला लाज वाटते. ह्यांनी त्या वेळीही खुंटी पिळली आणि विचारलं, "आता?"

वर्गात मी तीस वर्षं मुलांच्या चुका दाखवत आले आहे. चूक दाखवली की माणूस आधी स्वतःला सांभाळतो, मग चुकीकडे बघतो. ह्यांचं तसं नव्हतं. हे सरळ चुकीकडेच बघायचे. ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, ते मला फार उशिरा कळलं.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, ती काजूची. मार्च ते मे आम्ही शनिवार-रविवार गावी जातो, आणि ओले काजू कापायचं काम घरातल्या सगळ्यांनाच असतं. ओल्या काजूचा चीक बोटांना लागला की कातडी जळते, काळी पडते आणि आठवड्याभरात सालपटासारखी निघून येते. गिटारवाल्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले असतात. त्या घट्ट्यांवर तर त्याचं वाजवणं चालतं. हे वर्षभर वाजवून घट्टे तयार करायचे आणि काजूच्या हंगामात ते सगळे सोलून निघायचे. बोटांना तेल लावून बघितलं, राख लावून बघितली, हातमोजे घातले तर काजू हातात ठरेना.

सासूबाई म्हणायच्या, "तू नको कापू रे. मी कापतंय."

"तुझे हात काय लोखंडाचे आसत, आई?" एवढं म्हणून हे पुढचा काजू उचलायचे.

मग जूनमध्ये लहान मुलासारख्या कोवळ्या लाल बोटांनी हे पोलादी तारा दाबायला बसायचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी सात. म्हाताऱ्यांनी शिकवलेला पहिला धडा पहिल्यापासून. मी तेव्हा म्हणायचे, ह्यांची गिटार म्हणजे दर वर्षी पहिलीत बसणारा विद्यार्थी. थट्टेनं म्हणायचे. नंतर कधीतरी मनात हिशेब केला, तर हा माणूस वीसएक वेळा पुन्हा पहिलीत बसला होता आणि त्याबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती.

आमच्या आळीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. मी त्यात मुख्य गायचे. आमची पेटी वाजवणारी मैत्रीण मुलाकडे पुण्याला राहायला गेली आणि साथीला कुणी उरेना. तेव्हा मीच भीत भीत ह्यांचं नाव सुचवलं. मंडळातल्या सर्वांत वयस्कर वहिनी एकदम उसळल्या, "देवळात गिटार? देव काय पार्टीक बसलोहा?"

पण दुसरा इलाज नव्हता. हे आले, माझ्या मागे सतरंजीच्या कडेला बसले. गिटारच्या मानेला चिमटा लावला. त्याला कॅपो म्हणतात, तो लावला की सगळ्या तारांची पट्टी एकदम चढते. माझी पट्टी पेटीवरची काळी चार. तेवढ्यावर ह्यांनी आमच्या गाण्याखाली हलके हलके सूर धरून ठेवले. कुठे मध्ये तोंड घातलं नाही, कुठे करामत केली नाही. करामत येतच नव्हती म्हणा. आरती झाल्यावर त्या वहिनी मला म्हणाल्या, "बरे वाजयतत गो तुझे. आवाज करणत नाय."

असं दहा-अकरा वर्षं चाललं. मी गायचे, हे मागे बसून साथ करायचे. लोक माझं कौतुक करायचे आणि ह्यांना चहा द्यायचे.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. गोव्याला जाऊन ऑपरेशन केलं. गाठ साधी निघाली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की आवाज वर खेचणारी एक अगदी बारीक नस तिथूनच जाते, तिला थोडाफार धक्का बसू शकतो. कधी वर्षभरात सावरते, कधी सावरत नाही. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. म्हटलं, आधी गाठ जाऊ दे बाई.

तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा तानपुऱ्याचं ॲप लावून सा लावला. सा लागला. रे, ग, म, प, सगळे लागले, जरा बसके पण लागले. पंचमाच्या वर गेले आणि तिथे काहीच नव्हतं. आवाज फुटला नाही, बेसूरही झाला नाही. नुसती हवा बाहेर आली. जिन्याची पुढची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तशी मी दचकले. पुन्हा केलं. पुन्हा हवा.

मी मंडळ सोडलं. शाळेत गळ्यात अडकवायचा छोटा माइक घेऊन शिकवायला लागले. मुलांना गंमत वाटायची. घरी मी गाण्याचं नाव काढत नव्हते. आणि ह्यांनी गिटार कपाटामागे ठेवून दिली.

दोन आठवडे घरात काही वाजलं नाही. शेवटी मीच विचारलं, "वाजवत कित्या नाय?"

"तुका त्रास होयत म्हणान."

"नाय वाजवलात तर जास्त त्रास होता."

ह्यांनी गिटार काढली, पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे माझ्यासमोर फारसं वाजवत नाहीत. कानात इअरफोन घालून बसायचे. ऑफिसला जाताना इअरफोन, जेवल्यावर अंगणात इअरफोन. मला वाटलं, क्रिकेट ऐकत असतील. मी रागावलेही. म्हटलं, बायकोचा गळा गेला आणि ह्यांना स्कोअर पडलाय.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. एका दुपारी सासूबाईंनी मला मांगरातून सुकी शेणी, म्हणजे चुलीसाठी गोवऱ्या, आणायला पाठवलं. मांगर म्हणजे आमच्या बागेतली सामान ठेवायची खोप. मी जवळ पोचले तर आतून गिटार ऐकू आली. सुरांचा झुबका नव्हता, एकेक सूर सुटा वाजत होता. ह्यांनी असं कधी वाजवलं नव्हतं. आणि दुसऱ्या क्षणी मी ओळखलं, ती मी मंडळात नेहमी म्हणायचे ती गवळण होती. चाल सगळ्यांना माहीत असलेलीच, पण घेण्याची पद्धत माझी. अंतऱ्यात तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा-वर, जरा रेंगाळून गंधाराला नुसता स्पर्श करून खाली यायचं, हे मी वडिलांकडून घेतलं होतं. ते गिटारवर अडखळत, धापा टाकत, पण जसंच्या तसं येत होतं. आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर गिटार अर्धी मात्रा थांबली आणि मग पुढे गेली.

तिथे का थांबले हे मला कळेना. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच थांबले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आत शिरले.

"थंय थांबूचा नाय!" मी म्हटलं. "थंय माका खोकलो इललो!"

हे दचकले. मांडीवर गिटार, बाजूला मोबाइल, कानात इअरफोन. मंडळाच्या कुणा बाईनं कधीतरी मोबाइलवर माझं गाणं घेतलं होतं, ते ह्यांनी मागून आणलं होतं.

"खोकलो?" हे म्हणाले. "माका वाटला ती जागा आसा."

गाण्यात आम्ही सौंदर्याच्या ठिकाणाला जागा म्हणतो. माझा खोकला ह्यांनी जागा समजून चार महिने घोटला होता. मला इतकं हसू आलं की मी तिथेच पोत्यांवर बसले, आणि मग हसण्याचं रडणं कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. मी थांबेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "वरचा तू सोड. वरचा मी म्हणतंय. तू खालचा गा. बरा वाटला तर वर ये."

मी डोळे पुसले आणि चक्क भांडले. म्हटलं, "माका पांगळी करू नकात. कुबडी नको माका." शेणी न घेताच घरी गेले.

ह्यांनी त्यानंतर तो विषय काढला नाही, पण मांगरातलं वाजवणं थांबवलंही नाही. सावंतवाडीला परत आल्यावर एका रविवारी हे माडीवर वाजवत होते, आणि तार षड्जावरून खाली येताना ह्यांचे सूर पायऱ्या उतरल्यासारखे एकेक सुटे येत होते. गळा असा उतरत नाही. तो ओघळतो. मला ऐकवेना. मी वर जाऊन म्हटलं, "असां नाय. घसरत येवक व्हया."

"कसां?" ह्यांनी विचारलं.

मला गाऊन दाखवता येत नव्हतं, तिथेच तर सगळं अडलं होतं. मी हवेत बोटानं काढून दाखवलं. म्हातारे शिक्षक तोवर वारले होते आणि मोबाइलवर गिटार शिकवणाऱ्यांपैकी गवळण कुणी शिकवत नव्हतं. मग आम्हीच शोधत बसलो. तार दाबून बाजूला ओढली की सूर चढतो, सैल सोडली की ओघळतो, हे सापडायला दोन रविवार गेले. मी समोर बसून सांगायचे, "अजून ओढा… पुरे… आता सोडा, हळू." एक ओळ बसायला महिना लागला. मध्ये काजू आले, बोटं सोलून निघाली, जूनमध्ये पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात झाली. खालच्या ओळी मी हळू आवाजात गाऊ लागले. आम्ही पट्टीही बरीच उतरवली. ह्यांच्या गिटारचा चिमटा निघाला.

नवरात्रात मंडळाच्या बायका बोलवायला आल्या आणि मी हो म्हटलं.

देवळात दुपारची वेळ, गर्दी बरी होती. मी गवळण सुरू केली. अंतरा आला, खालची ओळ मी म्हटली आणि वरची ह्यांनी गिटारवर घेतली. पहिल्यांदाच लोकांनी ह्यांची गिटार अशी सुटी ऐकली असेल. खांबाजवळ बसलेल्या पुरुषांतून "वा!" अशी दाद आली. इतक्या वर्षांत ह्यांना कुणी "वा" म्हटलं नव्हतं. दुसरा अंतरा आला. त्याची पहिली ओळ खालची, म्हणजे माझी. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि गिटारनं ती ओळ घेतली.

मी तोंड मिटलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघितलं. पुढचं सगळं भजन मी नुसते टाळ वाजवले.

देवळातून बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "आज माझा गाणा तुमी खाल्लात."

"माका कळला," हे म्हणाले. "वाजवतानाच कळला. पण हात थांबलो नाय."

दुसऱ्या कुणी सबब सांगितली असती. ह्यांच्या ह्या उत्तरावर मला पुढे भांडताही येईना, म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, "तू गातलंस काय नाय, ता मी कसां वळखू?"

हा प्रश्न हे दोन दिवस उगाळत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी खरोखरच विचारात पडले. माझं मलाच ठाऊक नव्हतं. कारण एव्हाना माझा आवाज काही दिवस थोडा वर जायचा, काही दिवस नाही, आणि आज जाईल की नाही ते मला त्या सुराच्या दारात उभं राहिल्यावरच कळायचं.

"श्वास बघा माझो," मी शेवटी म्हटलं.

मग आम्ही ते बघितलं. मी वर जाणार असेन तर श्वास खोल पोटात जातो आणि हनुवटी किंचित खाली येते. जाणार नसेन तर आधी थोडी हवा सोडते आणि ओठ मिटते. ह्यातलं काही मला माहीत नव्हतं. ह्यांनी बघून बघून शोधलं. जमीन मोजणाऱ्या माणसाची नजर ती, बांध एक वीत सरकला तरी तिला दिसतो. ह्यांनी बसायची जागाही बदलली. आजवर माझ्या मागे बसायचे, आता माझ्या डावीकडे, जरा पुढे सरकून, तोंड माझ्याकडे करून बसायला लागले. लोकांकडे पाठ होते, असं कुणी म्हणालं तर हे म्हणाले, "लोकांकडे काय बघूचा आसा?"

माघी गणेशजयंतीला मंडळातल्या एका बाईंच्या घरी भजन होतं. सकाळी मी घरी गाऊन बघितलं तेव्हा आवाज बरा होता, पण तेवढ्यावर काही सांगता येत नव्हतं. गवळणीचा अंतरा आला. खालची ओळ संपली आणि मला वाटलं, आज जाऊन बघू. मी खोल श्वास घेतला. समोर ह्यांचं बोट तारेवर टेकलेलं मला दिसत होतं. तार दाबलेली होती. उजवा हात तयार होता. आणि तो हात हलला नाही.

मी वर गेले. तार षड्ज लागला. कापत, पण लागला. दीड वर्षानं लागला होता. मी तिथे रेंगाळले आणि पुढे गंधाराकडे जायला गेले, आणि तिथे पुन्हा ती हवा. पण हवा कुणाला ऐकू आली नाही. माझा आवाज जिथे विरला, नेमक्या तिथून गिटारचा गंधार निघाला, इतका हलका, इतका माझ्या आवाजाला चिकटून, की क्षणभर मलाच वाटलं, मी गायले. तो ओघळत षड्जावर आला, तिथून मी उचलला आणि खाली आले.

भजन संपल्यावर त्या वयस्कर वहिनींनी माझा हात धरला. "तुझो आवाज परत इलो गो बाये!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही म्हणायच्या आत दुसरीनं ह्यांना विचारलं, "आज तुमी वर वाजवलात नाय?"

"आज गरज पडली नाय," हे म्हणाले आणि गिटारच्या तारा फडक्यानं पुसायला लागले.

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा जमलेली सर्वांत अवघड गोष्ट ह्या माणसानं केली होती आणि ती केलीच नाही असं सांगून टाकलं होतं. खोटं बोलायची ह्यांना सवय नाही, कान लाल झाले होते. त्या दिवशी मी मनात कबूल केलं की माझा नवरा चांगला गिटारवादक आहे. नुसता बरा नव्हे, चांगला. स्नेहसंमेलनातल्या त्या गिटारवाल्याची बोटं ह्यांच्याकडे आजही नाहीत. भरभर काही वाजवायला घेतलं तर हे आजही अडखळतात. पण माझा सूर कुठे संपतो हे मला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि त्या क्षणापर्यंत हात आवरून धरणं त्यांना जमलं होतं.

आता माझा आवाज निम्माअधिक परत आला आहे. काही गाणी मी पुन्हा कधी म्हणणार नाही, त्यांचं दुःखही पहिल्यासारखं राहिलेलं नाही. मंडळात मुख्य गायला यंदा आम्ही एक नवी मुलगी घेतली आहे. माहेर तोंडवली गावचं, आमच्या आळीत सून म्हणून आलेली. गळा गोड आणि चढा. तिच्या पहिल्या भजनाला मी टाळ घेऊन न बसता मुद्दाम समोर, लोकांत जाऊन बसले. भजनात ह्यांना समोरून ऐकायची माझी ही पहिलीच वेळ.

पोरगी घाबरली होती. तिनं तालमीपेक्षा गाणं कितीतरी भरभर सुरू केलं. मृदंगवाला गोंधळला, दोन बायका मागे पडल्या. ह्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिच्याच वेगानं चालायला लागले. तिला मागे ओढलं नाही. दोन आवर्तनं तसंच गेलं, आणि मग गिटार इतकी हळूहळू सावकाश होत गेली की तिच्याबरोबर सगळं भजन सावकाश झालं आणि ते तिला कळलंही नाही. माझ्या शेजारी बसलेली बाई देवीकडे बघत टाळ्या वाजवत होती. मी एकटीच गिटारवाल्याकडे बघत होते. थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ही सोबत माझ्या एकटीची होती.

नंतर ती मुलगी धावत माझ्याकडे आली. "काकी, मी घाय केलंय ना?"

"थोडी."

"पण मगे आपोआप बरा झाला."

"हो," मी म्हटलं. "होता तसां."

आम्ही दोघं तळ्याच्या काठानं चालत घरी निघालो. ह्यांच्या खांद्यावर गिटार, माझ्या हातात प्रसादाचा नारळ. मला वाटलं, गिटारबद्दल मी काहीतरी म्हणावं अशी हे वाट बघत असतील. मी शब्द जुळवत होते, एवढ्यात हेच बोलले.

"त्या चेडवाचो श्वास लहान आसा गो. दुसऱ्या ओळीत तिका मदीच थांबूचा लागता. थंय मी दोन सूर जास्त वाजवलंय तर तिका दम घेवक वेळ मेळात. काय वाटता तुका?"

मी म्हटलं, गुरुवारी तिला घरी बोलवू आणि करून बघू.